सोफ्याच्या स्प्रिंगा बसवायला शिकवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की तुमच्या पेपरात पानपानभर जाहिराती येतात, जुना सोफा द्या नवा घेऊन जा, एक्स्चेंज बोनस, बिनव्याजी हप्ते वगैरे. ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावा, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण त्या एक्स्चेंजमध्ये टेम्पोत चढून जाणारे सोफे मी बघते ना, त्यातल्या कितीतरींची फ्रेम अजून ठणठणीत असते, सागवान असतं, वाळवी नाही काही नाही, फक्त बैठक मधोमध खाली गेलेली असते. आणि बैठक गेली म्हणजे सोफाच गेला असं लोकांनी धरून टाकलंय, कारण आतल्या स्प्रिंगा परत नीट बसवून देणारा माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही. पंचवटी ते नाशिकरोड आणि सातपूर ते द्वारका एवढं मोठं गाव आपलं, त्यात हे काम हाताशी असलेली माणसं बोटावर मोजण्याएवढी राहिलीत आणि ती सगळी साठीच्या पुढची. म्हणून हे पत्र. माझी मागणी एकच आहे, हे काम शिकवणारा एक कोर्स नाशकात सुरू व्हावा.

मी सिडकोत राहते, सोफ्याची कव्हरं, पडदे, गाद्यांच्या खोळी असलं शिवायचं काम करते. गिऱ्हाईक येतं, म्हणतं ताई कव्हर ढिलं पडलं, सुरकुत्या पडतात, नवीन शिवून द्या. मी माप घ्यायला घरी जाते तर कव्हरचा काही दोष नसतो, खालची बैठकच दीड-दोन इंच खचलेली असते, मग वरचं कापड कितीही मापात शिवा ते गोळा होणारच. तेव्हा वाटलं की आपण नुसतं वरचं शिवत बसलोय आणि दुखणं आत आहे, तर आतलं पण शिकू. विचारलं सगळीकडे. ब्लाउज, ड्रेस, फॅशन डिझाइनचे क्लास गल्लोगल्ली आहेत पण सोफ्याच्या पोटात काय असतं ते शिकवणारं कुणी नाही. शेवटी भद्रकालीकडच्या एका जुन्या कारागिराकडे गेले, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांच्या घरात आधी कापूस पिंजायचं आणि गाद्या-रजया भरायचं काम होतं, मग वडिलांनी सोफे सुरू केले. चाचा आधी सरळ नाहीच म्हणाले. "ताई, स्प्रिंग उडून तोंडावर बसते, हात फाटतात, तुम्ही आपलं कव्हरच शिवा." त्यांची पोरं या धंद्यात नाहीत, मोबाइल रिपेअरिंगमध्ये आहेत, त्यात धूळ नाही आणि पैसे रोख. मी तरी रविवारी जाऊन बसायला लागले, तेव्हा पहिल्यांदा जुने खिळे उपटायला दिले, आणि मग हळूहळू सगळंच.

आता हे काम काय असतं ते जरा सांगते, कारण लोकांना वाटतं स्प्रिंग काय, ठोकली की झालं.

आजकालच्या बहुतेक सोफ्यात झिगझॅग स्प्रिंग असते, नागमोडी वाकवलेली तार. ती रोलमध्ये येते आणि रोल सोडला की आपोआप गोल होऊन बसते. तिचा तो गोल व्हायचा स्वभावच कामाला येतो, कारण ती मागच्या दांडीपासून पुढच्या दांडीपर्यंत ताणून बसवली की मध्ये वर उचललेली राहते, साधारण सव्वा ते दीड इंच कमान राहिली पाहिजे. जास्त लांब कापली तर कमान फुगते आणि बसल्यावर डुचमळतं, फार आखूड कापली तर पाटावर बसल्यासारखं होतं आणि दांडीवर ताण येतो. दोन्ही टोकांना क्लिपा असतात, त्या दांडीवर ठोकायच्या, आधी मागची क्लिप अडकवायची आणि मग पुढे ओढून आणायची. हे ओढणं म्हणजेच धोक्याचं, हातातून निसटली तर सरळ चेहऱ्याकडे येते, म्हणून डोळ्याला गॉगल पाहिजेच. चाचा कधीच लावत नाहीत आणि मी लावला की हसतात. हसू देत.

दोन स्प्रिंगांमध्ये मधल्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंत ४ ते ५ इंच अंतर ठेवायचं. आता सांगते, एका मोठ्या शोरूमचा सोफा मी उलटा करून बघितला, नाव घेत नाही, त्यात हेच अंतर सात इंचाच्या वर होतं. तीन जणांच्या सोफ्यात अशा निदान पाच-सहा स्प्रिंगा वाचवल्या त्यांनी, आणि खालून काळं कापड मारून टाकलं म्हणजे कोण बघणार. गिऱ्हाइकाने सोफा घेताना उलटा करून बघायची पद्धत आपल्याकडे नाहीच, आपण कापडाचा रंग बघतो आणि कोपऱ्यातली उशी फ्री आहे का ते विचारतो.

स्प्रिंगा लावल्या की त्या एकमेकींना आडव्या बांधायच्या, सुतळीने नाहीतर कागद गुंडाळलेल्या तारेने. हे बांधणं लोक वाचवतात आणि तिथेच सोफा लवकर मरतो. बांधलेलं असलं की एका स्प्रिंगवर बसलेल्याचं वजन शेजारच्या दोघींवर पण जातं, नाहीतर टीव्हीसमोरच्या ज्या जागेवर घरातला माणूस रोज बसतो तेवढीच स्प्रिंग खचत जाते आणि बाकीच्या नव्या कोऱ्या राहतात. कुठल्याही घरात जा, सोफ्यात कोणाची जागा कुठली ते मी न विचारता सांगू शकते.

आणि बऱ्याचदा स्प्रिंग तुटलेलीच नसते हो! क्लिपचा खिळा प्लायमधून निघालेला असतो एवढंच. लोक काय करतात, तोच खिळा त्याच भोकात परत ठोकतात, महिनाभर चालतं आणि परत निघतो. भोकात लाकडाची काडी फेविकॉल लावून ठोकायची, वाळू द्यायची, मग क्लिप जरा बाजूला सरकवून स्क्रूने बसवायची. कुईकुई आवाज येतो तो पण क्लिपमध्ये लोखंडावर लोखंड घासून येतो, क्लिपच्या आतलं प्लास्टिक किंवा कागदाचं अस्तर झिजलेलं असतं, ते बदललं की गप्प.

तारेचा नंबर हा तर वेगळाच विषय. चाचांचं साधं गणित आहे, बैठकीला ९ नंबर, पाठीला ११-१२, आणि घरात भारी माणसं असतील तर बैठकीला ८. नंबर जितका लहान तितकी तार जाड. मला वाटायचं ९ काय आणि १० काय, एका नंबरने काय होतंय. माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करतोय, त्याने वहीत मांडून दाखवलं. ९ नंबरची तार ३.६६ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५, म्हणजे अर्धा मिलिमीटरचासुद्धा फरक नाही, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो म्हणे, जाडी चार वेळा स्वतःशी गुणायची, त्यामुळे बाकी सगळं तेच ठेवून ९ च्या जागी १० टाकली तर कडकपणा एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी होतो. डोळ्याला दिसणार नाही, बोटाला कळणार नाही, आणि बैठक पार बदलली. दुकानदाराला किलोमागे जी काय बचत होते ती आपण पुढची दहा वर्षं बसून फेडायची. (पत्र लांबलंय तर कापा, पण हे तारेच्या नंबरचं कृपा करून ठेवा, लोकांना विचारायला येईल.)

पण मला खरं शिकायचं होतं ते जुन्या गोल स्प्रिंगांचं काम, डमरूच्या आकाराच्या असतात त्या. देवळालीच्या जुन्या बंगल्यांमधून, गावातल्या वाड्यांमधून अजून अशा खुर्च्या निघतात, लोक भंगारात लाकडाच्या भावाने देतात आणि ते बघून मला कसंतरी होतं. ह्यात पहिलं काम नवारीचं. फ्रेमच्या खालच्या बाजूने नवार उभी-आडवी, एकीखालून एक वरून अशी विणून मारायची, आणि ती हाताने ताणून भागत नाही, एका टोकाला अणकुचीदार खिळे असलेलं लाकडी दांडकं असतं त्याने फ्रेमवर टेकू देऊन ताणायची. खिळे एका रेषेत मारले तर लाकूड चिरतं, म्हणून वरखाली मारायचे, मग टोक दुमडून परत वरून मारायचे. चाचांना पहिल्यांदा वाटलं होतं की बाईमाणसाला ताकद पुरणार नाही, पण त्या दांडक्याने सगळं काम होतं, ताकद फारशी लागतच नाही. मी हे मुद्दाम लिहितेय, पुढे त्याचा संबंध आहे.

जिथे दोन नवारी एकमेकींना छेदतात तिथे एकेक स्प्रिंग उभी करायची, एका खुर्चीला तीन ओळीत तीन म्हणजे नऊ. वरच्या कड्याला तारेची गाठ मारलेली असते ती आतल्या बाजूला वळवून ठेवायची, नाहीतर पुढे कापडातून टोचते. खालून दाभणाने तीन-चार ठिकाणी नवारीला शिवायची. इथपर्यंत कुणालाही जमेल. आता बांधणी. मधल्या ओळीपासून सुरुवात, मागच्या दांडीला सुतळी पक्की करून पहिली स्प्रिंग हाताने इंच-दीड इंच दाबायची, तिच्या कड्याला समोरासमोर दोन ठिकाणी गाठ, मग पुढची, मग पुढची, मग पुढच्या दांडीला बंद. नुसती गुंडाळी चालत नाही, गाठ अशी पाहिजे की सुतळी एका ठिकाणी तुटली तरी बाकीच्या स्प्रिंगा जागच्या हलू नयेत. मग ह्याच पद्धतीने आडव्या ओळी, आणि मग दोन्ही बाजूंनी तिरक्या. म्हणजे प्रत्येक स्प्रिंगला आठ दिशांनी सुतळी येते. तिरकं बांधणं सोडून चार दिशांवर भागवणारे पण आहेत, दिसायला वरून काही फरक नाही, पण ती स्प्रिंग कोपऱ्याकडे झुकायला मोकळी राहते.

कडेच्या स्प्रिंगांची वरची बाजू दांडीकडे जराशी झुकलेली ठेवायची, मधल्या सरळ, म्हणजे बैठकीला मधे गोलाई येते. सगळ्यांना सारखं दाबलंय का हे कसं बघायचं? मला वाटलं मोजपट्टीने. चाचा म्हणाले गुडघा टेकवा. बसून कळत नाही, बसल्यावर वजन पसरतं, गुडघा टेकवला की सगळं वजन एका स्प्रिंगवर येतं आणि ढिली कुठली, ताठ कुठली ते लगेच समजतं. आता मी कुणाच्याही घरी गेले की आधी सोफ्यावर गुडघा टेकवते, लोक बघतात, बघू देत.

मग त्यावर किंतान ताणून मारायचं, ते प्रत्येक स्प्रिंगला परत शिवायचं, त्यावर काथ्या, त्यावर कापूस, मग कापड. सुतळी कुठली यावरून चाचांचं आणि माझं रोज भांडण. बाजारात नायलॉनची स्वस्त मिळते पण ती वजनाने ताणत जाते, म्हणजे दाबून बांधलेलं हळूहळू सुटणार. तागाची ताणत नाही पण ओलीत कुजते. मला पॉलिस्टरची चांगली वाटते, चाचा म्हणतात तागच. एक मात्र दोघांचं पटतं, जुनी पोलादी स्प्रिंग सहसा मरत नाही, मरते ती सुतळी आणि नवार. चाळीस-पन्नास वर्षांची खुर्ची उघडली तरी स्प्रिंगा काढून टेबलावर शेजारी शेजारी उभ्या करायच्या, ज्या बाकीच्यांपेक्षा बसक्या किंवा वाकड्या झाल्यात तेवढ्या बदलायच्या, बाकी सगळ्या परत वापरायच्या.

आता कोणी म्हणेल एवढा कुटाणा कशाला, फोमचा ठोकळा टाका. सगळे रिपेअरवाले तेच करतात, खचलेल्या स्प्रिंगवर चार इंच फोम, झालं काम एका तासात. मी फोमच्या विरोधात नाही, पाठीला तर चांगलाच. पण खाली खड्डा तसाच ठेवून वर फोम टाकला तर फोम पण त्याच खड्ड्यात जाऊन बसतो. दुकानदार "४० डेन्सिटी" असं ठासून सांगतो, लोकांना वाटतं म्हणजे कडक. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो वजन, कडकपणा वेगळा असतो, एकाच डेन्सिटीत मऊ पण मिळतो आणि कडक पण. आणि खचलेल्या सोफ्याचा सगळ्यात जास्त त्रास म्हाताऱ्या माणसांना, सतरा-अठरा इंचावरची बैठक बसल्यावर बारा-तेरावर गेली की गुडघे बैठकीच्या वर येतात, मग उठायला कोणीतरी हात द्यायचा. गुडघेदुखीवर गोळ्या चालू आहेत आणि सोफ्याकडे कुणाचं लक्ष नाही अशी घरं मी रोज बघते.

तर मागणीकडे येते. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ कामं आहेत, ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत, शिवाय कमी व्याजाचं कर्ज. चांगली योजना आहे. यादीत सुतार आहे, शिंपी आहे, चटई-झाडूवाले आहेत, काथ्या विणणारे पण आहेत. पण तो काथ्या सोफ्यात भरणारा, सुताराने केलेल्या फ्रेमवर स्प्रिंग बांधणारा आणि शिंप्याने शिवलेलं कव्हर चढवणारा जो माणूस आहे त्याचं काम यादीत नाही. फॉर्ममध्ये चाचांनी स्वतःला काय लिहायचं? सुतार नाहीत, शिंपी नाहीत. आपले खासदार-आमदार यादीत भर घालायची शिफारस करू शकत असतील तर त्यांनी ती करावी.

तोपर्यंत गावात जे करता येईल ते तरी करा. सातपूरला त्र्यंबक रोडवर आयटीआय आहे, वर्कशॉप आहेत, संध्याकाळी दोन तास द्यायला काय हरकत आहे. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून आहे, घरबसल्या शिकणाऱ्यांसाठीच ते काढलंय, तर ह्या कामाचे व्हिडिओ आणि एक साधी मराठी पुस्तिका त्यांनी करावी असं मला वाटतं. यूट्यूबवर इंग्रजीत भरपूर आहे पण त्यातलं सामान इथे मिळत नाही आणि इथल्या सामानाची नावं त्यात नाहीत, माझ्यासारखीला बघून अर्धंच कळतं. पुस्तिकेत तारेचे नंबर, कुठल्या मापाच्या बैठकीला किती स्प्रिंगा, गाठींची चित्रं एवढं आलं तरी पुष्कळ. चाचांच्या पिढीने काही लिहून ठेवलेलं नाही, सगळं हातात आहे.

आणि कोर्समध्ये बायकांना जागा ठेवा. मघाशी ताकदीचं लिहिलं ते ह्याचसाठी. बचत गटांना अजून पापड-लोणची-मसाले आणि फार तर पिशव्या शिवणं एवढंच सुचवलं जातं, आता दर गल्लीत मसाले झालेत, घेणार कोण. कव्हर शिवणाऱ्या बाया आपल्या शहरात शेकड्याने आहेत, त्यांना शिवण येतंच, माप येतं, गिऱ्हाईक पण तयार आहे, फक्त आतलं काम शिकवलं की एका घरून कव्हरचेच नाही तर पूर्ण सोफ्याचे पैसे मिळतील. २०२७ चा सिंहस्थ आलाच आहे, हॉटेलं, लॉज, भक्तनिवास सगळे रंगरंगोटी आणि फर्निचर काढणार, त्यातलं किती काम नाशिकच्या हाताला मिळणार आणि किती बाहेरून ट्रक भरून येणार हे आत्ताच ठरायचंय.

मी चाचांना विचारलंय, शिकवायला ते तयार आहेत. त्यांच्या तीन अटी आहेत. शुक्रवारी सुट्टी, एका वेळी आठपेक्षा जास्त जण नकोत, आणि शिकायला येणाऱ्याने मोडका सोफा किंवा खुर्ची स्वतःची आणायची, कारण कोऱ्या फ्रेमवर स्प्रिंग बसवायला कुणालाही येतं, दुसऱ्याने बिघडवलेली काढून बसवायला येणं हे खरं काम. चौथी अट मी घातलीय, गॉगल. आयटीआय किंवा महापालिकेचं कुणी वाचत असेल आणि जागा द्यायला तयार असेल तर त्यांनी तुमच्या पेपरातूनच कळवावं, माझी खुर्ची तयार आहे, नवार काढून ठेवलीय.

आपली वाचक,
एक कव्हर शिवणारी, सिडको, नाशिक